हत्तीचा पाचवा पाय

मागच्या आठवड्यात एक जुने विद्यार्थी भेटायला आले. आता तेही निवृत्तीला टेकले आहेत. मी व्हरांड्यात कॅनव्हासची जाळी मांडीवर घेऊन बसलो होतो, सुईत करडी लोकर ओवलेली. ते जरा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "सर, हे बायकायचं काम तुम्ही कायले करता जी?"

मी हसून वेळ मारून नेली. चहा झाला, ते गेले. वाक्य काही गेले नाही. तेव्हा जे बोललो नाही ते आज इथे लिहितो.

आधी माझा उद्योग काय तो सांगतो. आपल्या चांद्याच्या किल्ल्याच्या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे, हत्तीवर झेपावलेला सिंह. जटपुरा गेटखालून मी किती वर्षे सायकल हाणली, वर्गात इतिहास शिकवला, पण मान वर करून ते चिन्ह नीट पाहिले ते दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर. घरी येऊन आलेखाच्या कागदावर उतरवले. एक घर म्हणजे एक टाका. आडवी ११० घरे, उभी ९०, एकूण ९,९०० टाके. पूर्ण फुली नाही, अर्धीच, तिरपा एक टाका. सौ.ने तरुणपणी रुखवतासाठी राघू-मैना भरले होते. ती म्हणाली, "अहो, आधी एखादा रुमाल करून बघा." ऐकले असते तर मास्तर कसला!

पहिली चूक म्हणजे कोपऱ्यातून सुरुवात केली. जाळीचा मध्य काढून तिथून बाहेर जायचे असते. माझ्या सिंहाच्या शेपटीला जागाच उरली नाही. जाळी बदलली. मग लोकर संपली. नवी आणली, नंबर तोच, पण रंगवण्याची खेप वेगळी. दुकानात एकसारखी दिसली आणि घरी उन्हात धरली तर हत्तीच्या पोटावर पट्टा ओढल्यासारखा वाटला. ओवताना हातभर लांब धागा घेतला की वीतभर काम होईतो त्याचे तंतू सुटतात, हेही असेच फजिती होऊन कळले.

पण खरी गंमत पायांची. तिसऱ्या पायाच्या ओळीत चार घरे मोजायला चुकलो. लक्षात आले तेव्हा उसवायचा कंटाळा केला आणि चूक झाकायला बाजूला थोडे जास्त टाके घातले. ते जास्तीचे झाकायला आणखी थोडे. झाकता झाकता हत्तीला पाचवा पाय फुटला. सौ.ने चष्म्यावरून पाहिले. "अहो, हत्ती आहे की खेकडा?" तीन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. उसवलेली लोकर पिंजारते, पुन्हा चालत नाही.

सगळे टाके एकाच बाजूला तिरपे, त्यामुळे जाळीही तिकडेच ओढली जाते. अर्धे काम झाले तेव्हा चौकोनाचा पतंग झाला होता. त्यावर उपाय सौ.चा. ओली करायची, पाटावर चारी बाजूंनी ताणून न गंजणाऱ्या टाचण्या मारायच्या आणि वाळू द्यायची. एप्रिलात चंद्रपुरात हे काम चहा होईतो उरकते. आपल्या उन्हाचे कौतुक करायची संधी एवढीच. एरवी पारा ४५ वर गेला की तळहाताच्या घामाने लोकर मळते. म्हणून मी सकाळी सहा ते आठ बसतो.

आता सांगा, यात बायकांचे काय आणि पुरुषांचे काय? मोजणे, चुकणे, उसवणे. नामदेव महाराज शिंप्याच्या घरात जन्मले. गावोगावच्या शिलाई मशीनवर पुरुष दिसतात. आरमोरीकडे कोशाच्या मागावर बसलेले पुरुष मी पाहिले आहेत. काश्मिरी शालींवरची नाजूक नक्षी भरणारे हातही बहुतेक पुरुषांचेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रज खलाशी आपल्या जहाजांची चित्रे लोकरीने भरत. १९४१ साली जर्मनांच्या कैदेत असलेल्या मेजर कॅसडॅग्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक कशिदा भरला. त्याच्या किनारीत मोर्सच्या ठिपक्या-रेघांत हिटलरला शिवी घातली होती. पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही, त्यांनी तो छावण्यांत मांडून दाखवला!

म्हणजे सुईचे वावडे कुणालाच नाही. सुईतून पैसा आला की ती कारागिरी, पुरुष तिच्यावर खुशाल बसतो. तीच सुई घरात फुकट चालली की ते बायकांचे काम आणि वर "रिकाम्या वेळचा उद्योग". सौ.च्या राघू-मैनेला पन्नास वर्षांत मी एकदाही "कसे केलेस?" म्हणून विचारले नव्हते. फ्रेम मात्र माझ्याच हातांनी भिंतीवर ठोकली होती.

आणि हा भेद पोरांच्या डोक्यात घातला कुणी? आम्ही मास्तरांनी. गांधीजींनी नयी तालीम मांडली ती १९३७ साली, आपल्या शेजारच्या वर्ध्यात. हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी हवा, असे ते म्हणत होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. वेळापत्रकात तास आला. आम्ही त्याचे काय केले? मुलींना मॅटीचे कापड आणि सुया, मुलांना मैदान साफ करायला फावडी. परीक्षा जवळ आली की तो तास इतिहासाला. मीही तो कितीदा खाल्ला आहे.

वैनगंगेपलीकडच्या एका शाळेतली गोष्ट. सातवीतला एक मुलगा मैदानावर न जाता मुलींच्या ओळीत मागे बसून भरत होता. अर्धे फूल झाले होते. मी ते कापड त्याच्या हातातून घेतले, वर्गाला दाखवले आणि म्हणालो, "ही कुणाची बहीण बसली आहे इथे?" वर्ग हसला. मीही हसलो. मुलगा उठून मैदानावर गेला. त्यानंतर तो कधी त्या ओळीत दिसला नाही. फुलाचे टाके एकसारखे होते, माझ्या आजच्या टाक्यांपेक्षा चांगले. हे मला तेव्हाही दिसले होते.

"सर, वेळ छान जातो ना तुमचा?" असे विचारणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, वेळ जावा म्हणून मी हे करत नाही. वेळ आपोआपच जातो आहे, तोही भराभर. मला हा हत्ती चार पायांचा करायचा आहे.

काल सोंडेला लागलो. दोन घरे चुकलो आहे, चौदा ओळी उसवाव्या लागतील. नागपूरच्या पुतणीने हे वाचले तर करड्या लोकरीची जुन्या खेपेची एखादी लड तिकडे मिळते का ते पाहावे. नमुन्याचा तुकडा पाकिटातून पाठवतो.