गोष्ट आपली, मालकी कुणाची?

गेल्या महिन्यात बोईसरहून एक बाप आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे पालघरला आला. 'जयभीम साहेब' म्हणून समोर बसला आणि पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. तारापूर एमआयडीसीत तो ठेकेदाराकडे कामाला आहे, मूळचा परभणीकडचा. मुलगी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला. तिला एक सत्र मुंबईत मनोरंजन क्षेत्रातल्या एका कंपनीत राहून शिकण्याची संधी आली होती. एकच कथा मालिकेत कशी मांडायची, वेब सिरीजमध्ये कशी, पॉडकास्टमध्ये कशी, मोबाईलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत कशी, हे तिथे शिकवणार होते. बापाचा प्रश्न एवढाच होता, "साहेब, हिनं सही करावी का?"

करार आठ पानी, इंग्रजीत. सातव्या पानावर लिहिले होते की, या काळात विद्यार्थिनी जे लिहील, जे सुचवील, त्याचे सर्व हक्क, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, कायमचे आणि जगभर कंपनीचे राहतील. मोबदला काय? प्रमाणपत्र. आणि मुलीने प्रकल्पासाठी कोणती कथा निवडली होती? आपल्या आजीची. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या बाईची. म्हणजे आजीने घाम गाळला, नातीने तो शब्दांत आणला आणि कायमची मालकी तिसऱ्याची!

हा प्रश्न एका मुलीचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

आपल्यातले काही सुशिक्षित बांधव म्हणतील, वकील सोडून हे काय सिनेमाचे काढले? मुलांनी यूपीएससी करावी, इंजिनिअर व्हावे. करावेच. पण ज्या चळवळीने आंबेडकरी जलशांतून गावोगाव विचार नेला, त्या चळवळीला गोष्ट सांगण्याच्या धंद्याचे वावडे असण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९२०मध्ये 'मूकनायक' काढला, १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत', पुढे 'जनता' आणि १९५६मध्ये 'प्रबुद्ध भारत'. त्याच काळात भीमराव कर्डकांसारखे कलावंत तोच विचार ढोलकीवर सांगत होते. ज्याला वाचता येत होते त्याच्यासाठी पत्र, ज्याला येत नव्हते त्याच्यासाठी जलसा. एकच गोष्ट अनेक माध्यमांतून सांगणे हे आज विद्यापीठांत नवे शास्त्र म्हणून शिकवले जाते. आपल्या माणसांनी ते कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय केले होते.

आता धंदा मोठा झाला आहे आणि तो शिकण्यासाठी तिथे जावे लागते. अमेरिकेत बोस्टनच्या इमर्सन कॉलेजने २०१४मध्ये लॉस एंजेलिसला हॉलीवूडमध्येच आपली इमारत उभी केली. विद्यार्थी एक सत्र तिथे राहतात, शिकतात आणि त्याच शहरातल्या कंपन्यांत उमेदवारी करतात. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग आले, ते याच वळणाचे. पण बोस्टनच्या मुलाच्या मागे त्याची संस्था इमारत घेऊन उभी असते. बोईसरच्या मुलीच्या मागे कोण?

आमच्या मुलांचे हॉलीवूड म्हणजे गोरेगाव आणि अंधेरी. बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटर. २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, तिने मोठी सोय झाली. पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, आणि एक चुकली की दिवसाचे गणित बिघडते. चित्रीकरण तर रात्री-अपरात्री संपते. मुलीने मग फलाटावर झोपायचे काय? मुंबईत पाच-सहा महिने राहायचे तर खोलीचे डिपॉझिट आधी, भाडे नंतर. ठेकेदाराकडच्या पगारात ते बसत नाही. परिणामी ज्याचे घर अंधेरीत आहे किंवा बापाचा खिसा भरलेला आहे, तोच बिनपगारी उमेदवारी करू शकतो. पुढे तोच लेखक होतो, तोच दिग्दर्शक होतो आणि आपल्या वस्तीची गोष्ट तोच आपल्याला सांगतो.

सरकारी योजना इथे कशी तोकडी पडते ते पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला मुंबईत शिकताना भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला साठ हजार रुपये मिळू शकतात. योजना चांगली आहे, तिने कित्येक मुले तगली. पण तिची सारी रचना प्रवेश कोणत्या महाविद्यालयात आहे यावर बेतलेली. प्रवेश पालघरला आणि एक सत्र अंधेरीत, अशा विद्यार्थ्याचा विचार तिच्यात नाही. धोरणात उमेदवारी आली, शिष्यवृत्तीत ती आलीच नाही! समाजकल्याण विभागाने स्वाधारमध्ये 'प्रशिक्षण सत्र' हा घटक जोडावा, सत्रापुरता निवास-भत्ता द्यावा, ही आमची पहिली मागणी. बार्टीने स्पर्धा परीक्षांच्या वर्गांबरोबर पटकथा, संकलन आणि ध्वनी यांचेही वर्ग चालवावेत, ही दुसरी.

परदेशाचा रस्ता तर आणखी चिंचोळा केला आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या २०२२च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात एका विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. तो विद्यार्थी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेला होता. २०२२च्या नियमाने तोच विषय घेऊन अर्ज केला असता तर भीमराव रामजी आंबेडकर अपात्र ठरले असते!

संधी मिळाली की काय होते, याचे उदाहरण दूर नाही. नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरला न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले. 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री', मग २०१६मध्ये 'सैराट'. जिल्ह्याच्या गावातले महाविद्यालय आणि स्वतःची गोष्ट, एवढ्यावर हा माणूस उभा राहिला. पण 'सैराट'ची गोष्ट पुढे कशी फिरली तेही पाहावे. कन्नडमध्ये गेली, पंजाबीत गेली, २०१८मध्ये हिंदीत 'धडक' झाली. हिंदीत येताना श्रीमंती आली, राजवाडा आला आणि जात मात्र कोपऱ्यात गेली. गोष्ट एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, तेव्हा वाटेत काय गळते हे टेबलावर कोण बसले आहे त्यावर ठरते. म्हणून आपली मुले त्या टेबलावर हवीत, चहा देण्यासाठी नव्हे.

अण्णाभाऊंचे आयुष्य यापेक्षा बोलके आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 'वैजयंता' १९६१मध्ये पडद्यावर आला. 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. कादंबरी, वग, पोवाडा, छक्कड, चित्रपट, इतक्या माध्यमांतून बोललेला हा माणूस १९६९मध्ये दारिद्र्यात गेला. कुठे, तर फिल्मसिटीमुळे आज ज्याचे नाव घेतले जाते त्या गोरेगावातच. कॅसेटच्या जमान्यात आमच्या भीमगीतांच्या गायकांचेही तेच झाले. एकरकमी पैसे हातावर आणि गाणे आयुष्यभर दुसऱ्याचे. १४ एप्रिलला गल्लीगल्लीत ते वाजते, गायकाच्या घरी काय पोहोचते याची चौकशी कोणी करत नाही.

कायदा आता पूर्वीसारखा मुका नाही, तो वापरावा लागतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये सुधारणा झाली. चित्रपटात घेतलेल्या साहित्याच्या वा संगीताच्या कर्त्याला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही. हस्तांतर लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. करार करताना जे माध्यम निघालेच नव्हते, ते करारात स्पष्ट नमूद नसेल तर त्यासाठीचा हक्क आपोआप जात नाही. म्हणून तर कंपन्यांचे वकील 'पुढे निघणारी सर्व माध्यमे' हे शब्द टाकतात! आणि कलम ५७प्रमाणे कृतीचा कर्ता म्हणून ओळख सांगण्याचा हक्क मालकी विकल्यावरही लेखकाचाच राहतो. आणखी एक गोष्ट मुलांनी पाळावी. कोणाला कथा ऐकवण्याआधी ती लिहून काढावी. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन पटकथा नोंदवता येते. तोंडी सांगितलेल्या कल्पनेला कोर्टात फार आधार नसतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पालघरकरांनी एक लक्षात घ्यावे. हा धंदा आपल्या दारात आलेला आहे. वसई तालुक्यात नायगावकडे हिंदी मालिकांचे सेट उभे आहेत, तिथे आपली मुले लाईट उचलतात, गेटवर उभी राहतात. आणि गोष्टींचा तर इथे तुटवडा नाही. १९६९मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, पुढच्या विस्तारात पोफरण आणि अक्करपट्टी उठली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र कागदावर आणून जगभर नेले, आणि आज तेच चित्र कपावर, साडीवर, जाहिरातीत छापणाऱ्यांपैकी किती जण पाड्यावरच्या चित्रकाराला पैसे देतात? वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४मध्ये झाले. किनाऱ्यावरच्या माणसांची गोष्ट आता कोणीतरी करणारच. ती डहाणूची पोरगी करणार की बाहेरून आलेले युनिट, एवढाच प्रश्न आहे.

त्या मुलीला आम्ही संधी सोड असे सांगितले नाही. सातव्या पानावर दोन दुरुस्त्या सुचवल्या. आजीची कथा ही तिने आधीच लिहिलेली कृती म्हणून करारातून वगळावी, आणि सत्रात लिहिलेल्या इतर कामावर तिचे नाव यावे. कंपनीने आठवडाभर उत्तर दिले नाही, मग पहिली मान्य केली, दुसरीसाठी 'शक्यतो' असा शब्द घातला. तो शब्द काढण्यासाठी आमचा पत्रव्यवहार चालू आहे. राहण्याची सोय गोरेगावच्या एका उपासक कुटुंबाने केली आहे.

पालघर, बोईसर, डहाणू भागातील ज्या विद्यार्थ्यांपुढे असे करार आले असतील, त्यांनी सही करण्यापूर्वी कागद घेऊन आमच्याकडे यावे. रविवारी सकाळी आम्ही आणि आमचे दोन वकील मित्र बसतो. फी नाही. येताना लिहिलेल्या कथेची तारीख घातलेली एक प्रत मात्र सोबत आणावी.