विश्लेषण : स्क्रीनचा वाद इथला, बर्फ तिथला... मराठी चित्रपट परदेशात वेळेवर का पोहोचत नाही?

बदलापुरातील खरवईत पारा १२ अंशांवर आला की कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. इथून शिकागोला गेलेल्या इंजिनीअरला हा आकडा उबदार वाटेल. तिथे ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३० अंशांपर्यंत घसरला होता. मात्र याच महिन्यांत दोन्हीकडचे मराठी प्रेक्षक एकच तक्रार करतात : चित्रपट आला, पण पाहायचा कधी?

स्क्रीनचा वाद थंडीतच का पेटतो?

दिवाळी ते नाताळ हा सुट्ट्यांचा, म्हणून मोठ्या चित्रपटांचा हंगाम. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'समोर 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' होता. त्याआधी २२ डिसेंबर २०१७ रोजी 'देवा' आणि 'टायगर जिंदा है' एकाच दिवशी आले. दोन्ही वेळी मराठी चित्रपटाला स्क्रीन मिळाव्यात म्हणून मनसेने आवाज उठवला. राजकारण तापते ते इथेच.

सरकारी नियम काय सांगतो?

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक असल्याचे जाहीर केले. विरोध झाल्यावर ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी वाढवण्यात आली. म्हणजे दुपारचा खेळ लावला तरी अट पूर्ण होते. सकाळच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या बदलापूरकराला तो खेळ काय कामाचा?

याचा परदेशाशी काय संबंध?

परदेशात मराठी चित्रपटाचे मोजकेच खेळ होतात. अनेकदा स्थानिक महाराष्ट्र मंडळच पुढाकार घेऊन थिएटर ठरवते. इथे पहिल्याच आठवड्यात खेळ कमी झाले, तर चित्रपटाची चर्चा होण्याआधीच तो उतरतो. मग तिकडे थिएटर भरेल याची खात्री आयोजकांना कोण देणार?

थंडीचा फटका कसा बसतो?

डिजिटल चित्रपटाची फाइल कुलूपबंद असते. ती उघडणारी डिजिटल किल्ली ठरलेल्या थिएटरच्या सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. हिमवादळाने रस्ते बंद झाले आणि मुदत उलटून गेली, तर नवी किल्ली, नवी तारीख आणि पुन्हा प्रेक्षकांची जमवाजमव. लहान मुले आणि भारतातून आलेले आईवडील यांना घेऊन बर्फातून लांबचा प्रवास करायला घरचेही कचरतात.

मग उन्हाळा हा पर्याय आहे का?

काही प्रमाणात. बृहन्महाराष्ट्र मंडळाची २०१७चे ग्रँड रॅपिड्स आणि २०१९चे डॅलस ही अधिवेशने जुलैतच झाली. 'देऊळ'चे निर्माते अभिजीत घोलप यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'नाफा'चा मराठी चित्रपट महोत्सवही जुलै २०२४ मध्ये सॅन होजेला भरला. पण दिवाळीला आलेला चित्रपट जुलैपर्यंत शिळा होतो. तोवर तो बहुधा मोबाइलवर येऊन गेलेला असतो.

थोडक्यात काय?

परदेशातला मराठी माणूस इथल्या स्क्रीनच्या भांडणाकडे लांबून पाहतो, पण त्याची झळ त्यालाही बसते. हिमवादळ कुणाच्या हातात नाही. खेळाची वेळ मात्र हातात आहे. 'मराठीला एक खेळ' एवढ्यावर वाद मिटवण्यापेक्षा 'तो किती वाजता आणि किती दिवस' हा प्रश्न लावून धरला, तर खरवई आणि शिकागो दोन्हीकडच्या प्रेक्षकाचा फायदा आहे.