वाट पाहण्याचा महिना

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना बारा महिन्यांतून मार्गशीर्षाची निवड केली आहे. वास्तविक पाहता या महिन्यात ना दिवाळीची रोषणाई, ना गणपतीची गजबज. चंपाषष्ठी, गीताजयंती, दत्तजयंती व गुरुवारची महालक्ष्मी एवढेच काय ते सण. आणि धनुर्मास लागला की उजाडताच मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी व लोण्याचा नैवेद्य. मग देवाला हाच महिना का बरे आवडावा? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही टीकाग्रंथात मिळाले नाही. ते मिळाले कनेरगाव नाक्यावर.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंगोलीस आमच्या काकू आजारी होत्या. त्यांना भेटून दुपारपर्यंत परत फिरावयाचे, असा बेत करून मी वाशीमहून पहाटेच निघालो. कनेरगाव नाक्याशी मोटारीचे चाक बसले. जादा चाक काढून पाहतो तो तेही बसलेले! दुरुस्ती करणारा उजाडल्याशिवाय येणार नव्हता. माझा जो संताप झाला, तो येथे लिहिण्यासारखा नाही.

हे गाव विदर्भ व मराठवाडा यांच्या शिवेवर आहे. १९४८ पर्यंत एका अंगास वऱ्हाड व दुसऱ्या अंगास निजामाचे राज्य होते. त्या राज्यातील जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. सरहद्दीच्या नाक्यावर आला की धनिक असो वा गाडीवान, प्रत्येकास थांबावेच लागे. राज्ये गेली, जकात गेली, १९९९ साली हिंगोली हा स्वतंत्र जिल्हाही झाला; परंतु गावाच्या नावातला नाका मात्र तसाच राहिला. त्या पहाटे त्याने मलाही थांबविले.

चहाच्या टपरीपाशी एक म्हातारी गाठोडे घेऊन हिंगोलीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. ती पूर्वेकडे पाहत होती. न राहवून मी विचारले, “आजी, कंटाळा नाही येत?” ती हसून म्हणाली, “येईल की, बाबा. यायचीच हाय ती.”

येणारे येणारच आहे, अशी जिची खात्री आहे, तिला वाट पाहणे जड जात नाही. मी घड्याळ खिशात टाकले आणि प्रथमच सभोवार पाहिले. तुरीच्या शेतांवर धुके उतरले होते. टपरीवाल्याने पहिला कप चहा रस्त्याच्या कडेला भूमीस अर्पण केला व मगच गिऱ्हाइकांकडे वळला. कोठे तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. हे सर्व मी येण्यापूर्वीही चालू होते. नव्हतो तो मीच!

आपल्या मार्गशीर्षाच्या आगेमागेच ख्रिस्ती बांधवांचा आगमनकाल येतो. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून तो मोजतात. येशूजन्माचा उत्सव करण्यापूर्वी सुमारे चार आठवडे केवळ वाट पाहावयाची, मन शांत करावयाचे, अशी ही योजना आहे. १८३९ साली जर्मनीतील हांबुर्ग येथे योहान विखेर्न नावाचे धर्मोपदेशक निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत असत. “नाताळ केव्हा?” असे मुले रोज विचारीत. तेव्हा त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या; रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक लावावयाची. मुलांची अधीरता अशा रीतीने प्रकाशाच्या मापाने मोजली जाऊ लागली. धावण्याकरिता केलेले चाक थांबण्याच्या कामी आले, ही गोष्ट बसलेल्या चाकाशेजारी उभ्या असलेल्या मला त्या सकाळी आठवली, यात नवल ते काय?

हा विचार आपणांस परका वाटावयास नको. रेव्हरंड नारायण वामन तिलक ब्राह्मणकुळात जन्मले व १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि आपली भक्ती त्यांनी अभंग-ओवीतच गाइली. आणि त्या जन्माची मूळ कथा तरी काय? सरकारी नावनोंदणीसाठी लोक आपापल्या गावी निघालेले, बेथलेहेमची धर्मशाळा भरून गेलेली. त्या गडबडीत एका अवघडलेल्या स्त्रीकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. बाळ गव्हाणीत निजविले गेले. देव दाराशी आला आणि गावाला जागा नव्हती, एवढेच त्या कथेचे सार मी घेतो.

आपल्या संतांनी हेच निराळ्या रीतीने सांगितले आहे, आणि तेही याच मुलखात. हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी नरसी; परंपरा नामदेवांचा जन्म तेथे १२७० साली झाला असे मानते. औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. विठ्ठल आपल्याशी बोलतो, याचा नामदेवांस अभिमान होता. गोरोबांनी त्यांना कच्चे मडके ठरविले, तेव्हा ते गुरूच्या शोधात औंढ्यास आले. पाहतात तो विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय जेथे जेथे ठेवीत, तेथे तेथे त्यांना पिंडच दिसे. देव सर्वत्र आहे, हे वाक्य आपण लहानपणीच पाठ करतो. नामदेवांसारख्या भक्तासही ते दिसण्यासाठी एकदा थांबावे लागले.

मी दोन तास उशिरा हिंगोलीस पोचलो. काकू अंथरुणावर होत्या. मला पाहताच त्यांनी विचारले, “आलास का रे? लगेच जायची घाई नाही ना?” ठरल्याप्रमाणे आलो असतो, तर “दुपारी निघायचंय, काकू” हेच उत्तर ओठांवर आले असते. नाक्याने ते पुसून टाकले होते. मी म्हणालो, “नाही, काकू. आज राहतो.” त्या रात्री त्यांनी मला माझ्या वडिलांच्या बालपणाच्या अशा काही गोष्टी सांगितल्या, ज्या आता दुसऱ्या कोणासही ठाऊक नाहीत. तो त्यांचा शेवटचा मार्गशीर्ष ठरला.

म्हणून वाचकबंधूंस व भगिनींस यंदा एक सूचना करावीशी वाटते. मार्गशीर्षातील प्रत्येक गुरुवारी देव्हाऱ्यात एक निरांजन वाढवावे. पहिल्या गुरुवारी एक, दुसऱ्या गुरुवारी दोन, याप्रमाणे. ते घरातील सर्वांत लहान मुलाने मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावे आणि मग सर्वांनी दहा मिनिटे नुसते बसावे. जपाची संख्या मोजू नये, दूरध्वनी जवळ ठेवू नये.

परंतु एक अट आहे. सर्वांनी म्हणजे सर्वांनी! आपल्या एकत्र कुटुंबांत पुरुषमंडळी शांतपणे पूजेस बसतात, त्या शांततेचे मोल स्वयंपाकघरात दिले जाते. नैवेद्याची घाई, आल्यागेल्याचे चहापाणी, व्रताची मांडणी, यांत घरच्या सुनेला व सासूबाईंना देवापुढे स्वस्थ बसावयास एक क्षणही मिळत नाही. एकाच्या ध्यानासाठी दुसरीने धावावयाचे, याला भक्ती कसे म्हणावे? तेव्हा त्या संध्याकाळी नैवेद्य एका पदार्थाचा असला तरी चालेल; पाने पुरुषांनी मांडावी, भांडी मुलांनी आवरावी, आणि घरातील वृद्धांच्या खाटेशेजारी कोणी तरी घड्याळ न पाहता बसावे.

मार्गशीर्ष देवाला का आवडला असेल, याचे माझ्यापुरते उत्तर हे असे आहे. या महिन्यात मोठा गलबला नसतो, म्हणून येणाऱ्याची पावले ऐकू येण्याचा संभव अधिक. प्रत्येकाच्या वाटेवर कोठे ना कोठे एखादे चाक बसतेच. त्या वेळी रागावण्यापूर्वी एकदा पूर्वेकडे पाहावे. कोण जाणे, आपली वाट पाहत तेथे आधीच कोणी बसलेले असेल!