फाइल माझी, पण पेन कुणाच्या हातात?

शुक्रवारची रात्र, साडेअकरा. राजारामपुरीतल्या एका ऑफिससाठी रंकाळ्यावरचं फीचर संपवलं, त्यांच्या लिनक्स सर्व्हरवरच्या कॉमन फोल्डरमध्ये टाकलं आणि कुणी हात लावू नये म्हणून फाइलला ४४४ परमिशन दिली. म्हणजे वाचा सगळे, लिहायचं कुणीच नाही. एकदम सेफ! शनिवारी सकाळी बघते तर फाइल गायब. आणि दुपारी डेडलाइन!

सिस्टिम अॅडमिन मित्राला फोन लावला. तो आला, आधी मिसळ मागवली, मग हसला. "अगं, फाइलला कुलूप घातलंस, पण फोल्डरचं काय?"

फंडा असा. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक ग्रुप असतो. उरलेले सगळे 'अदर्स'. तिघांचे हक्क वेगवेगळे. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, आणि मग बेरीज. ६४४ म्हणजे मालकानं वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. इथपर्यंत सोप्पं.

खरी गोची फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे आपल्या तालमीची वर्गणीची वही; आत फक्त नावं. इथे ४ असेल तर यादी दिसते, १ असेल तर त्या नावाच्या फाइलपर्यंत पोचता येतं आणि सोबत २ असेल तर नावं लिहिता-खोडता येतात. फाइल डिलीट करणं म्हणजे या वहीतलं नाव खोडणं! त्यासाठी फाइलमध्ये लिहायचा हक्क लागतच नाही. त्या फोल्डरला होतं ७७५, म्हणजे अख्ख्या ग्रुपच्या हातात पेन. कुणीतरी साफसफाई केली, माझं नाव खोडलं. मशीननं 'ही फाइल प्रोटेक्टेड आहे, काढू?' असं विचारलंही असेल. पण 'येस' दाबायला कितीसा वेळ लागतो?

उपाय एका आकड्याचा : ७७५ च्या पुढे १. याला म्हणतात स्टिकी बिट. मग नाव खोडू शकतो फक्त फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट. सगळ्यांना खुल्या असलेल्या 'टेम्प' फोल्डरलाही हेच १७७७ असतं, म्हणून तिथे कुणी कुणाची फाइल उडवू शकत नाही.

माझं फीचर? बॅकअप नव्हता. मिसळ गार झाली, अर्धा मजकूर जुन्या ईमेलमध्ये सापडला, उरलेला पुन्हा लिहिला. तेव्हा दोस्तहो, कॉमन फोल्डरमध्ये काही ठेवण्याआधी फाइलचे आकडे नंतर बघा. आधी विचारा, पेन कुणाकुणाकडे आहे?