मत कुजवायचे नाही



२०२४ साली १४ एप्रिलला रविवार आला होता. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी विहारात वंदना, दुपारी भोजनदान, रात्री मिरवणूक. म्हाताऱ्या माणसांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत सगळे रस्त्यावर. पाच दिवसांनी, १९ एप्रिलला, लोकसभेचे मतदान होते. मी कारकून माणूस, त्यामुळे इलेक्शन ड्युटी चुकत नाही. मतदान अधिकारी म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेत बसलो होतो. ड्युटीचे प्रमाणपत्र आधीच भरून घेतले होते, म्हणून माझे मत मी तिथेच टाकले.

संध्याकाळी ६ वाजता यंत्र बंद केले, यंत्रातला आकडा आणि रजिस्टरातला आकडा ताडून पाहिला. मी बी.कॉम. शिकलेला, आकडे जुळले की मला बरे वाटते. त्या दिवशी आकडे जुळले, पण बरे वाटले नाही. मत टाकून गेलेल्याच्या नावाखाली आम्ही यादीत रेघ ओढतो. जवळपास निम्म्या नावांखाली रेघच नव्हती.

साहित्य जमा करून रात्री उशिरा घरी आलो. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर चारजण अजून बसलेच होते. कोण निवडून येणार, कोण पडणार, दिल्लीत काय होणार, सगळे त्यांना पाठ. मी विचारले, "तुम्ही टाकलं ना मत?" चौघांपैकी दोघांनी मान खाली घातली.

म्हणजे आमच्या लोकांना राजकारणात रस नाही, असे कोणी म्हणू नये. रस भरपूर आहे. पेपर वाचला जातो, टीव्हीवरचा निकाल रात्रभर जागून पाहिला जातो. कमी पडतात ती घरापासून शाळेपर्यंतची दोनशे पावले.

हे केवळ आमच्या वस्तीचे दुखणे नाही. नागपूर लोकसभा मतदारसंघात २०१४ साली सुमारे ५७ टक्के मतदान झाले, २०१९ मध्ये सुमारे ५५, आणि २०२४ मध्ये सुमारे ५४ टक्के. मतदार २२ लाखांच्या वर. म्हणजे १० लाखांच्या आसपास लोक घरी बसले. निवडून आलेला उमेदवार आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार यांच्यात फरक होता सुमारे १ लाख ३७ हजारांचा. घरी बसलेले त्याच्या सातपट! आता शेजारच्या गडचिरोलीकडे पाहा. नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी ३ वाजताच संपते, जंगलातून पायी यावे लागते. तरी त्याच १९ एप्रिलला तिथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. आणि आपण डांबरी रस्त्यावर राहणारे, उन्हाचे कारण सांगतो!

त्या निवडणुकीनंतर मी दोन-तीन महिने एक उद्योग केला. रविवारी विहारात आणि येता-जाता गल्लीत, मत न टाकलेल्यांना कारण विचारले. रागावलो नाही, नुसते ऐकून घेतले. कारणे फिरून फिरून चारच निघाली.

पहिले कारण: "टाकून काय होते? नाली तर तुंबूनच राह्यते." हे कारण खोटे नाही. पण एक आठवण करून देतो. नागपूर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात गडर लाइन फुटली की आमच्या बायका कुठे जात होत्या? जुन्या नगरसेवकाकडे गेले तर तो म्हणे, आता माझ्या हाती काही नाही. झोन ऑफिसात गेले तर साहेब मीटिंगमध्ये. नगरसेवक चांगला असो की वाईट, त्याच्या दारात उभे राहून "तुले वोट देल्लं होतं" असे ठणकावता येते. साहेबाला तसे ठणकावता येत नाही. मताने नाली साफ होत नाही, पण जाब विचारण्याचा अधिकार मिळतो. तो वापरायचा की नाही हे आपल्यावर आहे.

दुसरे कारण: "रोजी बुडते." ठिय्यावर उभे राहणाऱ्या एका मिस्त्रीने हे सांगितले. पोट रोजच्या कमाईवर असलेल्याला उपदेश करणे सोपे आहे, म्हणून मी कायदाच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब घातले गेले. दुकान, कारखाना, कोणतीही आस्थापना असो, मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुटी द्यावी लागते. रोजंदारीवरच्या मजुरालाही. दंड मात्र पाचशे रुपयांपर्यंतच, म्हणून मालक घाबरत नाहीत. बंगल्यावर घरकाम करणाऱ्या बाईला तर या कलमाचा आधार मिळणेही कठीण. तेव्हा उपाय एकच: सकाळी ७ वाजता केंद्र उघडते, कामावर जाण्याआधी मत टाकून जावे. संध्याकाळी परतणाऱ्याने ध्यानात ठेवावे, केंद्राची वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याला मत टाकू द्यावेच लागते.

तिसरे कारण: "यादीत नावच नाही." याचे दुःख मला सगळ्यात जास्त होते, कारण हा माणूस तर घरून निघाला होता. याबद्दल शेवटी सांगतो.

चौथे कारण सगळ्यात जड: "द्यावे कोणाले? आपलेच चार गट, चार झेंडे." एका ताईने असे म्हणून पुढे जोडले, "म्हणून मी कोणालेच नाही देल्लं." मी गप्प झालो. कारण हे माझेही कारण होते.

माझे पहिले मत १९९८ सालचे. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाचे चार नेते महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चौघेही सर्वसाधारण जागांवरून. आमच्या वस्तीत त्या दिवशी गुलाल नव्हे, निळ उधळली गेली. मग ऐक्य मोडले. पुढे काय झाले ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मला त्याचा इतका राग आला की २००४ साली मी मत टाकायला गेलो नाही. त्या रागाला मी तत्त्व समजत होतो.

संध्याकाळी आईने विचारले, "जाऊन आला का?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "बोट दाखव." मी हात खिशात घातला. आई एवढेच म्हणाली, "नेते फुटले म्हणून आपण बी घरातल्या घरात फुटाचं का?" दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. आई शाळेत गेलेली नव्हती, चिन्ह पाहून मत टाकायची.

नंतर मी जुन्या कार्यकर्त्यांकडून आणि पुस्तकांतून भंडाऱ्याची हकीकत समजून घेतली. तरुण वाचकांना ती कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या निवडणुकांत काही मतदारसंघांत दोन जागा असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. उमेदवारांच्या चिन्हाच्या वेगवेगळ्या पेट्या ठेवलेल्या असत. एक चिठ्ठी एका पेटीत आणि दुसरी दुसऱ्या पेटीत टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. मुद्दाम असे करण्याला 'मत कुजवणे' म्हणत.

१९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबईतून राखीव जागेवर उभे होते. शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह हत्ती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले आणि बाबासाहेब साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मते कुजली होती. विरोधकांनी मतदारांना मते कुजवायला सांगितले, अशी तक्रार घेऊन बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. विचार करा, ज्यांनी राज्यघटना लिहिली ते घटनेप्रमाणे झालेल्या पहिल्याच निवडणुकीत कुजवलेल्या मतांनी घायाळ झाले.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, आपल्या शेजारच्या भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. बाबासाहेब उभे राहिले. तीही दोन जागांची. नागपूरचे कार्यकर्ते सायकलने, बैलगाडीने, पायी गावोगाव फिरले. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे इतरांची मते वाढणार नाहीत. हिशेब चुकीचा नव्हता. त्या दोन जागांचे गणितच तसे होते. पण बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. घटना लिहिणाऱ्याने लोकांना मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते. हरलो तरी चालेल, पण मत कुजवायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती, असे त्या काळचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले.

जे हत्यार मुंबईत त्यांच्यावर चालले, तेच भंडाऱ्यात त्यांच्या हाती आले होते. त्यांनी ते उचलले नाही आणि त्याची किंमत दिली.

हे वाचल्यावर मला माझे २००४ सालचे 'तत्त्व' आठवले आणि मान खाली गेली. मत कुजवायला आता पेटी लागत नाही. घरी कूलरसमोर बसले तरी मत कुजते.

बाबासाहेबांना मताची एवढी किंमत का वाटत होती? कारण ते कसे मिळाले हे त्यांना माहीत होते. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा मालमत्ता आणि कर भरणाऱ्यालाच मत होते. त्या वर्षीच्या कायद्याने शंभरात जेमतेम तिघांना मताचा हक्क मिळाला. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३७ च्या निवडणुकीतही मतदार सुमारे तीन कोटीच होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते सतरा कोटींच्या वर गेले. अमेरिकेत काळ्या लोकांना १८७० साली कागदावर मत मिळाले, पण वाचून दाखवा, कर भरा, असल्या अटींनी दक्षिणेकडे त्यांना दूर ठेवले गेले. १९६५ च्या कायद्यानंतरच त्यांना खरेखुरे मत टाकता आले. आपल्याला ते एका कलमाने, ३२६ व्या, एकदम मिळाले. फुकट मिळाल्यासारखे वाटते, म्हणून किंमत वाटत नाही.

कोणी विचारेल, उमेदवारच पसंत नसेल तर? त्यासाठी 'नोटा' आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ते बटण आले. मात्र समजून घ्या: लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. आपल्या राज्यात स्थानिक निवडणुकांपुरता नियम वेगळा आहे. नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर पुन्हा निवडणूक घ्यावी, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली काढला. तरीही घरी बसण्यापेक्षा नोटा बरे. नोटा मोजले जाते, तुमचा राग कागदावर येतो. घरी बसलेल्याचा राग आणि आळस यांत फरक कोणालाच करता येत नाही.

आता यादीचे. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावे गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असे सांगितले. भगिनींनो, यादीत तुमचे नाव, माहेरचे-सासरचे आडनाव, वय बरोबर आहे का, ते स्वतः पाहा. नवे नाव घालायला फॉर्म ६. पत्ता बदलला किंवा चूक असली तर फॉर्म ८. भाड्याची खोली बदलणाऱ्यांनी हा फॉर्म विसरू नये, नावे तिथेच गळतात. मुलगी-मुलगा अठरा वर्षांचे झाले की वाट पाहू नका, आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. चौकशीला १९५० हा फोन नंबर आहे. आणि केंद्रावर गेल्यावर तुमच्या नावाने आधीच कोणी मत टाकून गेले असे कळले, तर भांडून परत येऊ नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. तो तुमचा हक्क आहे.

आमच्या विहारात आम्ही एक ठरवले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास यादी वाचायची. कोणाला मत द्यायचे हा शब्द तिथे काढायचा नाही. फक्त नाव आहे की नाही. तुमच्या वस्तीतही करून पाहा. एक वही आणि एक पेन पुरते.

आई आता नाही. एकदा मी तिला विचारले होते, एवढ्या उन्हात तू का जातेस, तुझ्या एका मताने काय होणार? ती आयुष्यभर एका मोठ्या घरी भांडी घासायची. म्हणाली, "त्या दिवशी आमची मालकीणबाई बी येते तिथं. एकदा तिच्या आधी माह्या नंबर लागला, ते मांगं उभी होती. अर्धा घंटा. कोणी मले बाजूले सरक म्हटलं नाही."

बंधू-भगिनींनो, पुढच्या मतदानाच्या दिवशी पानठेल्यावर कोणी दिल्लीच्या गप्पा सांगू लागला, तर आधी एवढेच म्हणा: बोट दाखव.

जयभीम.