अंगणातला बदाम



रोपवाला बदाम म्हणून जे रोप गळ्यात मारतो, तो देशी बदाम. पान मोठे, तांबडे होऊन गळते. फळ दगडाने फोडले तर आत गर नखाएवढा. सावलीला झाड झकास, पण बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुकानातल्या बदामाचे झाड निराळे. त्याला हिवाळ्यात शेकडो तास सात अंशांखालची थंडी लागते. ती काश्मिरात मिळते, पाथर्डी-शेवगावात नाही. त्यापेक्षा न्हाणीच्या पाण्यावर शेवगा लावा, बांधाला सीताफळ.

दुकानातला बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचा. २०१९ साली आपल्या सरकारने त्यावर जादा आयात कर बसवला. अमेरिका आपल्या बदामवाल्यासाठी भांडली आणि २०२३ साली तो उठवून घेतला. आमच्यासाठी कोण भांडले? मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये, बोंडे फुटायच्या तोंडावर, कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. खुल्या बाजाराला आम्ही भीत नाही. पण आयातीला दार उघडे आणि निर्यातीला कुलूप, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

बैठकीला येताना २०२५ च्या हंगामाच्या कापसाच्या पट्ट्या बरोबर आणा. कर उठल्यावर कोणाला काय भाव मिळाला, ते तिथेच मांडू.