माजघरातून : होळीची पोळी आणि चाळीस दिवसांचे व्रत

होळीच्या दिवशी शेजारी पाठविलेले पुरणपोळीचे ताट जसेच्या तसे परत यावे, हा आमच्या जतसारख्या लहान गावी साधा प्रसंग नव्हे. शेजारी पुण्याहून बदलून आलेल्या एक ख्रिस्ती शिक्षिकाबाई राहतात. संक्रांतीचा तिळगूळ त्यांनी हसतमुखाने घेतला होता; मग पोळीनेच काय अपराध केला? मनात नको ते विचार आले, हे कबूल करते. संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. म्हणाल्या, "काकू, राग मानू नका. आमचा उपवासकाल चालू आहे. ईस्टरपर्यंत मी गोड सोडले आहे. रविवारी मात्र चालते. माझ्यासाठी एक पोळी ठेवाल का?"

व्रतातून रविवार सुटतो, याचे मला नवल वाटले. त्यांनी हिशेब सांगितला. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यांत रविवार सहा. पण रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार, म्हणून तो उपवासात धरीत नाहीत. उरले ४०, ते त्याच्या अरण्यातील उपोषणाच्या स्मरणार्थ. आणि ईस्टर कसा ठरतो? २१ मार्चला अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार! म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. त्यांची पौर्णिमा कोष्टकातली असल्याने आपल्या पंचांगाशी क्वचित जुळत नाही, एवढेच. होळी बहुधा त्यांच्या उपवासकालात येते, ती यामुळेच.

बाईंचे घराणे पुण्याच्या पंचहौद मिशनातले. पंचहौद म्हटले की आपल्या घरांत अजून १८९० चा तो चहा आणि त्यावरून माजलेले प्रायश्चित्ताचे रण आठवते. तेथे उपासना कशी चालते हे मात्र आपण कधी विचारीत नाही. पवित्र नाम देवालय तेथे १८८५ साली उभे राहिले. इंग्लंडातील ज्या अँग्लिकन संन्यासी मंडळांनी ते मिशन चालविले, त्यांचा ऋतुपालनावर मोठा कटाक्ष. १९७० साली नागपुरास अनेक पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी झाली, तरी ते वळण राहिले. वर्षाचा आरंभ नाताळच्या आधीच्या आगमनकालाने. उपवासकालात वेदीवर जांभळे वस्त्र, ईस्टरला पांढरे, पवित्र आत्म्याच्या सणाला तांबडे, एरवी हिरवे. कपाळी राख लावण्याची चाल इंग्लंडात १५४८ साली बंद पडली होती. पुढे याच विचाराच्या लोकांनी ती परत आणली. गतवर्षीच्या झावळ्या जाळून ती राख करतात.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. तो दिवसही त्यांच्या दिनदर्शिकेतील संत मायकेलचा सण. पण धर्म पालटला तरी बाईंनी शाकाहार सोडला नाही. मठातील भगिनींशी त्यांचे मतभेद कसे झाले, ते १९७७ साली छापलेल्या त्यांच्या पत्रांत वाचावे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या तो ११ मार्च १८८६ चा समारंभ पाहण्यास रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. त्याचा आदला दिवस राखेचा बुधवार होता.

शेजारीणबाई गोडाचे वाचलेले पैसे एका डब्यात टाकतात व ईस्टरला कोणा गरजूस देतात. हे ऐकून मला आमची एकादशी आठवली. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस. त्या दिवशीचा खर्च नेहमीहून अधिकच. सासूबाईंना तसे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "हिशेब पैशाचा नव्हे, नेमाचा." त्यांचेही खोटे नाही, पण दुष्काळी तालुक्यात राहून मी आजवर हा हिशेब मांडलाच नव्हता, हे मनाला लागले.

रविवारी पोळी गेली. ईस्टरच्या सकाळी बाई स्वतः रव्याच्या केकाची बशी घेऊन दारात उभ्या. "काकू, अंडे घातलेले नाही हं," त्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या. मी बशी हाती घेतली मात्र, आणि घरातून सासूबाईंची हाक आली, "अगं, आज संकष्टी!" आम्ही दोघी हसू लागलो. बशी झाकून ठेवली, ती चंद्रोदयापर्यंत.